सुक्यावरचा रंग

सान मार्तिनेल्लो,
३ ऑक्टोबर १९६७

प्रिय तुलिओ,

पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र चुलीत घालू नकोस. हे मला एर्मेतेने लिहायला सांगितलेलं नाही, त्याला पत्ताही नाही. आपला थोरला भाऊ हल्ली जेवण झालं की घोरत पडतो. मी स्वयंपाकघरात भोपळ्याच्या साली बाजूला सारून लिहायला बसलेय.

आपण नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकांना काही लिहीत नाही. तू तिकडे क्वीन्सलँडमध्ये ऊस कसा आला ते कळवतोस, मी इथे कोण वारलं ते कळवते. आज बातमी वेगळी आहे. भिंत उघडणार आहेत.

हो, तीच. धान्य-संघाच्या सभागृहातली, एर्मेतेने रंगवलेली. तुझा मळणीचा सोबती स्पार्ताको नगराध्यक्ष झालाय. परवा तो डुकराच्या सलामीचा अख्खा गट्टू काखेत मारून आला आणि म्हणाला, "नोएमी, पंचेचाळीस साली त्या भिंतीवर चुना आम्हीच फासला. तेव्हा डोकी तापलेली होती. मुसोलिनीचे काळे डगलेवाले दिसले की पुसून टाकत सुटलो होतो. पण त्यांच्या शेजारी आपला अख्खा गाव उभा आहे गं! माझा बाप आहे, सुईण दायणी आहे. आता चुना काढायचा. फ्लोरेन्सहून बाई येणार आहे, पुरात बुडालेली चित्रं जिने वाचवली त्यातली एक."

"आणि तुलिओ?" मी विचारलं.

"तो तर सगळ्यांच्या डोक्यावर उभा आहे, मळणीयंत्रावर. म्हणून तर तुझ्याकडे आधी आलो."

तू गाडीत बसताना काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "माझं तोंड त्या भिंतीतून बाहेर आलं की बोलाव. त्याआधी नको." मग झालं की! आता येतंय तोंड बाहेर.

तेव्हा तू चिडला होतास, ऐकून घेतलं नाहीस, म्हणून पुन्हा सांगते. प्रीमो काका आपल्याला काय शिकवायचे? सकाळी ओला गिलावा लावायचा तो संध्याकाळपर्यंत रंगवून होईल एवढाच. रंग ओल्या चुन्यात मुरला की दगड होतो, मग त्याला बापजन्मात मरण नाही. आणि वाळल्यावर वरून लावलेला रंग नुसता बसलेला असतो, ओल्या स्पंजाने पुसला की गेला. तुझं तोंड एर्मेतेने ओल्यावर रंगवलं होतं, मी स्वतः पाहिलंय. त्या काळ्या डगलेवाल्यांनी तुला धरून नेल्यावर वरून हुकूम आला म्हणून त्याने तुझ्यावर दुसरं तोंड चढवलं, ते सुक्यावर. उद्घाटनाच्या दिवशी तू दिसला नाहीस तेव्हा मी तिथेच रडायला लागले, तर त्याने माझं मनगट धरून कानात सांगितलं, "गप्प बस. तो आहे खाली, धडधाकट. हे लोक गेले की एक ओला स्पंज फिरवायचा, येईल बाहेर."

ते लोक गेले, मग चुना आला, मग तू गेलास. आता चुनाही जातोय. बोल, आता काय सबब आहे तुझ्याकडे?

तुझी,
नोएमी

१९ नोव्हेंबर १९६७

प्रिय तुलिओ,

"पाहीन तेव्हा खरं." एवढंच लिहायला हवाई टपालाचं तिकीट खर्च केलंस! असो. मला हे तीन शब्दांचं पत्र समजायचं ते समजलं, कारण तू नाही म्हणालेला नाहीस.

एर्मेतेला मी सांगितलं. नाही, खरं म्हणजे स्पार्ताकोने सांगितलं आणि मी चहा ओतायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी राहिले. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्याची एवढी चित्रं मिलानला, रोमला टांगलेली आहेत, व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला आख्खी खोली दिली होती, पण आपल्या गावात त्याचं एकही काम उघड्यावर नाही. तर हा पांढराफटक पडला.

"राहू दे खाली," म्हणाला. "ते काम वाईट आहे. तेव्हा मी पोटासाठी काम करत होतो."

स्पार्ताको म्हणाला, "मास्तर, आम्हीही पोटासाठीच मळणी करत होतो. म्हणून काय गहू वाईट होता?"

"माझी परवानगी नाही."

"भिंत संघाची आहे. परवानगी मागायला नाही, आमंत्रण द्यायला आलोय."

स्पार्ताको गेल्यावर एर्मेतेने कप आपटला आणि माझ्यावर तोंडसुख घेतलं. मी सगळं ऐकून घेतलं. मला वाटतं त्याला लाज वाटते, काळ्या डगल्यांची, झेंड्यांची. बोलोन्याचे एक प्राध्यापक त्याच्यावर पुस्तक लिहिताहेत, दर गुरुवारी येतात आणि माझे भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली हादडतात. त्यांनी याच आठवड्यात विचारलं, "मास्तर, युद्धानंतर तुम्ही फक्त पो नदीचे बांध रंगवलेत. धुकं, चिखल, पॉपलरची झाडं. एकाही चित्रात माणूस नाही. का?"

एर्मेते म्हणाला, "माणसं हलतात."

प्राध्यापकांनी ते टिपून घेतलं आणि मग पाऊण तास मला समजावलं की यात केवढं तत्त्वज्ञान आहे. मी मान डोलवली. या घरात ती झाडं आणि तो चिखल मी इतकी वर्षं पुसतेय, झटकतेय, गुंडाळून मिलानला पाठवतेय, मला त्यात फक्त चिखल दिसतो. पण अमेरिकन बायका त्यावर जीव टाकतात, त्याला मी काय करणार.

एक खरं सांगू? त्याला तुझी आठवण येत नसेल असं समजू नकोस. तुझं कार्ड आलं की तो ते वाचत नाही, पण टेबलावरून कार्ड उचललं तर विचारतो, "कुठे गेलं?"

नोएमी

२१ जानेवारी १९६८

माझ्या तुलिओ,

तू जहाजाचं बघतोयस! पत्र वाचलं आणि मी एप्रन काढून तशीच रस्त्यावर आले, कुणाला सांगू कळेना, म्हणून बेकरीवाल्या झोराला सांगितलं. म्हणजे आता गावाला सांगायची गरज उरली नाही. सुवेझ बंद असल्याने जहाज आफ्रिकेला वळसा घालून येतं म्हणे. येऊ दे. एवढी वर्षं थांबले, अजून थोडं.

सिन्योरिना मारांगोनी आलीय. फ्लोरेन्सची, काडीसारखी बारीक, पँट घालते, आणि सिगारेट ओढत ओढत चुना सोलते. गावातले म्हातारे-म्हाताऱ्या सकाळपासून खुर्च्या टाकून बसतात, जणू नाटक बघायला आलेत. झेंड्यापाशी सुरुवात झाली तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग खालची रांग उघडली, गव्हाच्या पेंढ्या उचलणाऱ्या बायका, आणि आरडाओरडा सुरू झाला.

"ती माझी आई! बघा, तिचा चामखीळ!"

"अगं, तुझ्या आईला चामखीळ कुठे होता?"

"होता. तुझ्या आईने नजर लावली म्हणून गेला."

सुईण दायणी ऐंशीच्या पुढे गेलीय. तिने स्वतःला पाहिलं आणि म्हणाली, "एवढी जाड नव्हते मी. मास्तरला बोलवा, त्याला जाब विचारते." सगळे पोट धरून हसले. पण मग ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, त्या तरुण बाईच्या उघड्या दंडांकडे बघत.

तुलिओ, तो किती चांगला चित्रकार होता हे मी विसरूनच गेले होते. घाम दिसतो. भुस्सा दिसतो. माणसांनी एकमेकांना हाका मारल्यासारखं वाटतं. हाच माणूस नंतर नुसतं धुकं कसं रंगवत बसला?

एर्मेते तिकडे फिरकलेला नाही. खोकला झालाय असं सांगतो. खोकत मात्र नाही.

तुझी खोली झाडून घेतलीय. गादी उन्हात टाकायची होती, पण या महिन्यात आपल्याकडे ऊन कुठलं. धुकं एवढं की समोरच्या झोराची बेकरी वासावरून ओळखायची. तू म्हणतोस तिकडे घामाने सदरा अंगाला चिकटतो. येताना जाड कोट आण, नसेल तर एर्मेतेचा देते. तू घालणार नाहीस, माहीत आहे. मग मीच एक विणते.

वाट बघणारी,
नोएमी

२ मार्च १९६८

प्रिय तुलिओ,

तुझं पत्र मिळालं. जेनोवाचं तिकीट काढलंस हे चांगलं झालं.

इथे काम रेंगाळलंय. दमट हवेत चुना सुटत नाही म्हणतात. मळणीयंत्रापर्यंत अजून पोचलेले नाहीत. पोचले की कळवेन, तू उगाच प्रत्येक पत्रात तेच तेच विचारू नकोस.

झोराच्या सुनेला मुलगा झाला. डुक्कर कापलं, यंदाची सलामी बरी झालीय. विणकाम बाह्यांपर्यंत आलंय. तुझ्या हातांची लांबी आठवेना म्हणून अंदाजाने टाके घातले.

नोएमी

१० मार्च १९६८

तुलिओ,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी ते यंत्रापर्यंत पोचले होते. हे तुला तिकडे तुझ्या घरात, तुझ्या अंथरुणावर असताना कळायला हवं, या भिंतीसमोर सगळ्या गावादेखत नाही. म्हणून लिहितेय. बस आणि वाच.

सकाळची वेळ होती. स्पार्ताकोने वाईनच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. चुन्याखालून यंत्र निघालं, तुझे बूट निघाले, तुझा गळ्यातला रुमाल निघाला. मी म्हटलं, बघा, रुमाल त्याचाच आहे. वर ते दुसरं तोंड होतं, काळ्या टोपीचं, हसणारं, कुणाचंच नसलेलं. मारांगोनीने मला शिडीवर हात देऊन वर घेतलं, ओला स्पंज माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच पुसा. तुमचा भाऊ आहे."

मी पुसलं. हलक्या हाताने, तुला लागेल म्हणून. स्पंज पाहिला तर पांढरा. पुन्हा पुसलं, मग घासलं. तो टोपीवाला हसतच होता.  मारांगोनीने माझ्या हातातून स्पंज काढून घेतला, दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि बोट फिरवत दाखवलं. डोक्याभोवती एक रेघ होती, बांगडीसारखी, सलग.

"हे सुक्यावरचं नाही," ती म्हणाली. "ओल्यावरचंच आहे, पक्कं. आधीचा गिलावा इथून कापून काढलाय आणि नवा भरलाय. सांधा बघा किती सुबक आहे. पटकन दिसत नाही."

"मग याच्या खाली?" स्पार्ताकोने खालून विचारलं.

"खाली वीट."

"आणि तुलिओ?"

तिने सिगारेट खाली केली. "तुकडे झाले असतील. राडारोड्यात टाकून दिले असतील."

तू तिथे नाहीस, तुलिओ. मी कधीपासून तुला सांगत होते की तू आहेस, खाली आहेस, धडधाकट आहेस. तू नव्हतासच.

मी घरी आले. एर्मेते नाशपती सोलत बसला होता. मी कोटही न काढता समोर उभी राहिले.

"स्पंज फिरवला," मी म्हटलं.

त्याने साल तुटू न देता फळ पूर्ण सोललं. मग म्हणाला, "चांगला बसलाय ना सांधा?"

तेव्हा मी ती नाशपती त्याच्या हातातून हिसकावून भिंतीवर मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ओरडले, "छिन्नी चालवलीस? त्याच्या तोंडावर? हुकूम आला होता ना, मग खरंच सुका रंग लावायचास! त्यांना काय कळणार होतं?"

"नोएमी, खाली बस."

"कुणाचा हुकूम होता? पक्षाच्या त्या जिल्हा सेक्रेटरीचा? नाव सांग त्याचं. मेला असेल तर थडग्यावर थुंकून येते."

 टेबलाकडे बघत तो म्हणाला, "कुणीच सांगितलं नव्हतं."

मला कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे कुणीच नाही. तुलिओला सकाळी नेल्याचं कळलं. उद्घाटन तोंडावर आलं होतं. मला वाटलं, ते येतील, वर बघतील, आडनाव एकच आहे, मला विचारतील. रोमचं मोठं काम मिळायचं होतं. मी कुणी विचारायच्या आधीच वर चढलो. दाराला आतून कडी घातली आणि काढून टाकला."

"आणि ते आले तेव्हा?"

आता तो रडत होता, पण मला त्याची दया आली नाही, तुझी शपथ. म्हणाला, "सेक्रेटरीने आधी चित्र पाहिलेलं होतं. काम चालू असताना एकदा येऊन गेला होता. उद्घाटनाला आला, वर पाहिलं आणि मला म्हणाला, 'बोनफाती, त्या यंत्रावरच्या पोराचं काय झालं? छान होता तो. हा नुसता बाहुला आहे.'"

त्याला तुझं नावही माहीत नव्हतं, तुलिओ. ज्याच्या भीतीने तुला फोडलं त्याला तू आवडला होतास.

मी विचारलं, मग मला स्पंजाची गोष्ट का सांगितलीस. म्हणाला, "तू रडत होतीस. तोंडाला आलं ते बोललो. मग तू ती इतकी धरून बसलीस की माझाही थोडा विश्वास बसायला लागला." त्यानंतर त्याने माणसाचं तोंड काढायचा प्रयत्न केला, पुष्कळदा केला, असं म्हणतो. डोळ्यांपर्यंत आलं की हात थांबायचा. यावर ते प्राध्यापक पुस्तक लिहिताहेत.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "त्याला लिही की चुना निघत नाही. येऊ दे त्याला. आल्यावर बघू."

मी म्हटलं, आता या घरातून तुझं खोटं माझ्या अक्षरात जाणार नाही.

म्हणून हे असं लिहिलंय.

नोएमी

३१ मार्च १९६८

तुलिओ,

तुझी तार पोचली. "मग कशासाठी येऊ?" पोस्टातल्या पोरीने ती दोनदा वाचली आणि मला पाणी प्यायला दिलं.

एर्मेतेसाठी येऊ नकोस. त्याने स्पार्ताकोच्या पाया पडून विनंती केली की तो तुकडा काढा, मी पुन्हा तुलिओला रंगवतो. मारांगोनीने सरळ नाही म्हटलं. जे आहे ते तसंच राहील, सांध्यासकट, आणि विचारलं तर काय झालं ते सांगायचं. स्पार्ताको तिच्या बाजूने उभा राहिला. एर्मेते आता खोलीबाहेर येत नाही. मी त्याचं जेवण दाराशी ठेवते. तो ताट रिकामं करतो, म्हणजे जगेल. त्याला माफ कर असं मी लिहिणार नाही. मला अजून जमलेलं नाही, तर तुला कुठल्या तोंडाने सांगू. तुला त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नसेल तर बोलू नकोस, झोराने तिच्या माडीवरची खोली द्यायचं कबूल केलंय.

भिंतीसाठीही येऊ नकोस. तिथे बघण्यासारखं काही नाही.

माझ्यासाठी ये.

हे मी तुला आधी कधी लिहिलं नाही. मला वाटायचं, तू तुझ्या तोंडासाठी येशील, तर येऊ दे, कशासाठी का होईना घरात तर येशील. म्हणून मी ती स्पंजाची गोष्ट उराशी धरून बसले. ती खरी आहे की नाही हे तपासायला मी एकदाही त्या सभागृहात गेले नाही, कारण ती खोटी निघाली असती तर तुला बोलवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांवर रुसलात आणि मधे मी उभी. त्याला विचारायचं तुझं, तुला लिहायचं त्याचं. आईला शेवटी मी धुतलं. या घरातला कोळसा मी वाहिला, त्याचे ब्रश धुतले, तुझी कार्डं जपली. त्या भिंतीवर अख्खा गाव आहे, तुलिओ, दायणी आहे, झोराची सासू आहे, संघाचा कुत्रासुद्धा आहे. मी शोधलं. मी कुठेही नाही. मला रंगवायचं कुणाच्या मनातच आलं नाही, आणि तुला तुझ्याशिवाय दुसरं कोण गाळलं गेलंय हे बघायची कधी गरज पडली नाही.

मी एकसष्ट वर्षांची झालेय. माझा भाऊ मला हवाय. तिकीट परत करू नकोस.

जेनोवाला मी एकटी येईन. आगगाडीची मला भीती वाटते तरी येईन. तपकिरी कोट घालून धक्क्यावर उभी असेन. केस सगळे पांढरे झालेत आणि उंचीने मी कमी झालेय, तेव्हा तू मला ओळखणार नाहीस. मीही कदाचित तुला ओळखणार नाही. उतरलास की मोठ्याने माझं नाव घेऊन हाक मार. लोक बघतील, बघू देत.

नोएमी